भंडारदऱ्यापासून डेबियनपर्यंत

नगर जिल्ह्यातला कोणताही कामाचा कागद उचला. पीककर्जाचा अर्ज असो, साखर कारखान्याचं परिपत्रक असो की पाटपाण्याच्या आवर्तनाची नोटीस. ‘शेतकऱ्यांना’ हा शब्द त्यात आलाच. धरणाबद्दल लिहायचं तर ‘भंडारदऱ्याला’ लिहावं लागतं, गुळाबद्दल लिहायचं तर ‘गुऱ्हाळ’. या शब्दांतला र ‘पाथर्डी’ आणि ‘कर्जत’मधल्या रफारासारखा पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढत नाही. छोट्या वळणदार रेघेच्या रूपात तो डावीकडून येऊन चिकटतो. मराठीत या रेघेवर अर्थ अवलंबून असतो. ‘दर्या’ कोकणच्या पलीकडे पसरलेला, तर ‘दऱ्या’ हरिश्चंद्रगडाच्या कड्याखाली उतरणाऱ्या.

संगणकाच्या पडद्यावर हा ‘ऱ्या’ नीट उमटायला तीन गोष्टी जुळाव्या लागतात. कळफलकानं साध्या र ऐवजी ऱ हे वेगळं युनिकोड अक्षर द्यायला हवं. इनस्क्रिप्ट मांडणीत र ची कळ शिफ्टसह दाबली की ते मिळतं. मग अक्षरं जोडणाऱ्या आज्ञावलीला, लिनक्सवर बहुतेक ठिकाणी हार्फबझला, ऱ, हलन्त आणि य यांचं काय करायचं ते कळायला हवं. आणि शेवटी फॉन्टमध्ये ती रेघ कोणीतरी काढून ठेवलेली हवी. यातलं एक जरी हुकलं तरी शेतकरी पाय मोडलेल्या अक्षरांनिशी कागदावर येतो.

मी नगरला, सावेडीत राहतो. माझ्या जुन्या लॅपटॉपवर डेबियन ही लिनक्सची वितरणप्रणाली आहे. तिच्यात हे तिन्ही घटक पैसे न मोजता, सीडी न शोधता, एका आज्ञेवर येऊन बसले आणि ‘भंडारदऱ्याला’ पहिल्याच फटक्यात बरोबर उमटलं. फुकट आणि आपोआप मिळालेल्या वस्तूमागे कोणी उभं आहे, हे आपल्या सहसा मनातही येत नाही. इथे मात्र प्रत्येक घटकामागे नाव घालून, सही करून जबाबदारी घेतलेला माणूस आहे. सॉफ्टवेअर लिहिणं हे अर्धं काम झालं. ते तपासून, बांधून अधिकृत भांडारात पोचवणं आणि पुढे वर्षानुवर्षं त्याला जबाबदार राहणं, हे उरलेलं अर्धं. या दुसऱ्या अर्ध्याबद्दल मराठीत फारसं बोललं जात नाही. म्हणून हा लेख.

भांडार म्हणजे काय

लिनक्स हा खरं तर फक्त गाभा. त्याच्याभोवती हजारो प्रोग्रॅम रचून, एकमेकांशी जुळवून, वापरण्याजोगी प्रणाली करून देणाऱ्या संस्था-समूहांना डिस्ट्रिब्युशन किंवा नुसतं डिस्ट्रो म्हणतात. डेबियन, फेडोरा, उबुंटू, आर्च ही त्यातली ठळक नावं. प्रत्येक डिस्ट्रोचं स्वतःचं अधिकृत भांडार असतं, म्हणजे रेपॉझिटरी. त्यात प्रोग्रॅम पॅकेजच्या रूपात ठेवलेले असतात. वापरणारा नाव सांगतो. संगणक भांडारातून पॅकेज आणतो, सही पडताळतो, त्याला लागणारी इतर पॅकेजेस शोधतो आणि सगळं जागच्या जागी बसवतो.

डेबियनची घोषणा 16 ऑगस्ट 1993 रोजी झाली. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात शिकणारा इयन मर्डॉक तेव्हा जेमतेम विशीचा होता. त्या काळात लिनक्स मिळायचं ते अर्धवट जुळवलेलं, कोणी बांधलं आणि चुकलं तर कोणाला सांगायचं याचा पत्ता नसलेलं. मर्डॉकनं ठरवलं, की प्रत्येक पॅकेजला एक सांभाळणारा असेल आणि सगळं काम उघड्यावर चालेल. ऑगस्ट 2025 मध्ये डेबियनची तेरावी आवृत्ती ‘ट्रिक्सी’ आली, तेव्हा भांडारात 69,830 पॅकेजेस होती. ती बहुतांशी स्वयंसेवकांनी उभी केलेली आहेत. डेबियन ही कोणा एका कंपनीची मालमत्ता नाही.

डेबियनमधून पुढे उबुंटू निघालं. सी-डॅकनं तयार केलेली ‘बॉस’ ही भारतीय प्रणालीही डेबियनवरच उभी आहे. त्यामुळे डेबियनच्या भांडारात आज पोचलेलं पॅकेज काही महिन्यांत अशा संगणकांवर जातं, जिथे डेबियनचं नावही कोणी ऐकलेलं नसतं. भांडारात शिरताना होणारी तपासणी इतकी कडक का, याचं कारण या पसाऱ्यात आहे.

अक्षरं आली कुठून

माझ्या लॅपटॉपवरचा ‘ऱ्या’ लोहित या फॉन्ट-कुटुंबातून आला. त्याचा माग काढत गेलं की नगरहून जेमतेम सव्वाशे किलोमीटरवर, पुण्यात पोचतो. लोहितची मूळ अक्षरं पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकनं पुरवली. हीच कंपनी श्री-लिपी बनवते. लग्नपत्रिका, निवडणुकीची पत्रकं, तालुक्याची साप्ताहिकं जुळवणाऱ्या डीटीपीवाल्यांना श्री-लिपी वेगळी सांगावी लागत नाही. रेड हॅट कंपनीनं हे लोहित फॉन्ट 2004 साली जीपीएल या मुक्त परवान्याखाली खुले केले. पुढे रेड हॅटच्या पुणे कार्यालयातल्या भाषा-गटानं ते सांभाळले. प्रवीण सातपुते यांनी लोहितच्या नव्या रचनेचं काम पुढे नेलं. पराग नेमाडे यांनी फेडोराच्या भांडारात भारतीय भाषांची पॅकेजेस बांधली आणि इतरांची असंख्य पॅकेजेस तपासली. फेडोराच्या तांत्रिक निर्णय घेणाऱ्या समितीतही ते होते.

त्याच्या थोडं आधी मुंबईत हालचाल सुरू झाली होती. व्यंकटेश हरिहरन, प्रकाश अडवाणी आणि जी. करुणाकर यांची नावं इंडलिनक्स प्रकल्पाशी जोडलेली आहेत. भारतीय भाषांत लिनक्स चालावं हा त्याचा ध्यास होता. व्हीजेटीआयमधले प्रा. जितेंद्र शहा आणि त्यांचा इंडिकट्रान्स गट यांच्या कामातून ‘गार्गी’ हा देवनागरी फॉन्ट जीपीएलखाली आला. तो आजही डेबियनच्या भांडारात आहे.

त्या दिवसांत देवनागरीचा युनिकोड फॉन्ट म्हटलं की लोकांपुढे ‘मंगल’ यायचा. सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी घडवलेला हा फॉन्ट विंडोजबरोबर घरोघरी पोचला. पण तो मायक्रोसॉफ्टच्या परवान्याखाली होता. डेबियनसारख्या भांडारात तो ठेवता येत नव्हता. कोणाला तो सुधारून पुढे वाटायचा म्हटलं तरी मुभा नव्हती. गार्गी आणि लोहितचं मोल इथे कळतं. ते मंगलपेक्षा देखणे होते की नाही हा वेगळा वाद. ते भांडारात ठेवता येत होते, आणि त्यात चूक सापडली तर ती दुरुस्त करायला कोणाची परवानगी मागावी लागत नव्हती.

दुरुस्त्या बऱ्याच होत्या. मराठी ल आणि श यांची वळणं हिंदीहून वेगळी आहेत. राज्य शासनानं 2009 मध्ये निर्णय काढून मराठी वर्णमाला आणि अक्षरांची रूपं प्रमाणित केली. लोहितमध्ये देवनागरीच्या जोडीला मराठीसाठी वेगळा फॉन्ट आहे तो अशाच गरजांपोटी. आपल्या जिल्ह्याचं नाव 2024 मध्ये अधिकृतपणे अहिल्यानगर झालं. आता त्या नावातला अर्धा ल मराठी वळणाचा उमटायला हवा, ही बाब रोजच्या सरकारी छपाईची आहे. ‘ॲ’चंही तसंच. हे अक्षर युनिकोडमध्ये 2008 साली, 5.1 या आवृत्तीत आलं. त्याआधी अ वर चंद्र जोडून काम भागवावं लागे आणि काही ठिकाणी मधोमध ठिपक्यांचं वर्तुळ दिसे. युनिकोडनं अक्षर दिलं म्हणून ते लगेच पडद्यावर येत नाही. फॉन्टमध्ये कोणीतरी ते काढावं लागतं, नवी आवृत्ती काढावी लागते, आणि ती आवृत्ती भांडारात पोचवणारा माणूस लागतो.

फाईलीचा सातबारा

पॅकेज बांधायला बसलेल्या नवशिक्याला वाटतं, खरी परीक्षा तांत्रिक असणार. प्रत्यक्षात बहुतेकांचा पहिला घाम हक्कांच्या कागदावर निघतो. डेबियनच्या पॅकेजमध्ये ‘कॉपीराइट’ नावाची एक साधी मजकूर-फाईल असते. हा त्या सॉफ्टवेअरचा सातबारा. मूळ प्रोग्रॅममधली कोणती फाईल कोणाची, कोणत्या वर्षीची, कोणत्या परवान्याखाली, याची नोंद त्यात गटवार करावी लागते. कोणी दुसरीकडून एखादं चित्र उचलून आणलं असेल, कोणी जावास्क्रिप्टची तयार फाईल आत ठेवली असेल, तर तिचीही नोंद वेगळी.

हा कागद कोणाच्याही संगणकावर उघडून पाहता येतो. माझ्याकडच्या लोहितची फाईल उघडली तर हक्क ‘लोहित फॉन्ट प्रकल्पातल्या योगदानकर्त्यां’च्या नावे आहेत आणि परवाना एसआयएल ओपन फॉन्ट लायसन्स, आवृत्ती 1.1. खाली परवान्याचा अख्खा मजकूर. इथे लोहितच्या इतिहासातलं एक वळण दिसतं. मूळ परवाना जीपीएल होता. 2011 मध्ये तो बदलून ओपन फॉन्ट लायसन्स करण्यात आला. जीपीएल हा प्रोग्रॅमसाठी लिहिलेला परवाना. फॉन्ट मात्र पीडीएफमध्ये भरला जातो आणि कागदपत्राबरोबर प्रवास करतो. मग त्या पीडीएफलाही जीपीएल लागू होतो का, हा प्रश्न उभा राहायचा. त्यासाठी वेगळा अपवाद लिहावा लागे. फॉन्टसाठीच बेतलेल्या नव्या परवान्यानं तो प्रश्न निकालात काढला. एखाद्या सहकारी बँकेनं लोहितमध्ये जुळवलेला अहवाल पीडीएफ करून सभासदांना पाठवला, तर आज कोणतीही कायदेशीर शंका उरत नाही.

हक्कांबाबत डेबियन हटवादी आहे आणि त्याला कारण आहे. जुलै 1997 मध्ये डेबियननं आपला ‘सोशल कॉन्ट्रॅक्ट’ प्रसिद्ध केला. मुक्त सॉफ्टवेअर कशाला म्हणायचं याचे निकष त्यातच आले. वापरणाऱ्यात भेद करायचा नाही, वापराच्या क्षेत्रावर बंधन घालायचं नाही, बदल करून पुढे वाटण्याची मुभा हवी. ‘फक्त शैक्षणिक वापरासाठी मोफत’ असं लिहिलेला फॉन्ट कितीही चांगला असला तरी डेबियनच्या मुख्य भांडारात बसत नाही. कारण शाळेत तो चालेल, पण शाळेशेजारच्या झेरॉक्सच्या दुकानात चालणार नाही. एका वर्षानंतर ‘ओपन सोर्स’ची जी जगन्मान्य व्याख्या झाली, ती या निकषांवरूनच बेतलेली आहे.

मराठीत चांगल्या कामांचं इथेच घोडं अडतं. शब्दकोश, शुद्धलेखन-तपासणी, लिप्यंतर, फॉन्ट अशी कितीतरी कामं हौसेनं होतात आणि करणारा माणूस ‘मोफत’ लिहून मोकळा होतो. मोफत म्हणजे परवाना नव्हे. परवाना लिहिला नाही तर कायद्यानं सगळे हक्क कर्त्याकडेच राहतात, आणि कोणतंही अधिकृत भांडार ते काम घेऊ शकत नाही. चार ओळींचा मजकूर जोडायचा राहिल्यानं अनेक वर्षांची मेहनत दाराबाहेर राहते.

दाराआधीचे टप्पे

समजा लोणीच्या किंवा संगमनेरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या मुलीला एक मराठी फॉन्ट डेबियनमध्ये न्यायचा आहे. आधी ती पाहील, की हे काम दुसऱ्या कोणी हाती घेतलेलं नाही ना. मग ‘मी हे पॅकेज करणार आहे’ असं जाहीर नोंदवेल. या नोंदीला आयटीपी म्हणतात. नोंद सगळ्या जगाला दिसते. कोणी म्हणतं हे आधीच दुसऱ्या नावानं आहे, कोणी परवान्यावर शंका काढतं, कोणी हातभार लावायला पुढे येतं.

मग बांधणी. मूळ स्रोत जसाच्या तसा ठेवायचा आणि त्याच्या शेजारी ‘डेबियन’ नावाचा फोल्डर करायचा. त्यात ‘कंट्रोल’ फाईल: पॅकेजचं नाव, वर्णन, कशावर अवलंबून आहे, सांभाळणारा कोण. ‘रूल्स’ फाईल: स्रोतापासून पॅकेज कसं घडवायचं त्याच्या आज्ञा. मघाशी पाहिलेली ‘कॉपीराइट’ फाईल. आणि ‘चेंजलॉग’: कोणत्या आवृत्तीत काय बदललं, कोणी, कोणत्या दिवशी. मूळ लेखकाच्या सॉफ्टवेअरमध्ये काही बदलावं लागलं तर बदल वेगळ्या पॅचच्या रूपात ठेवायचा, म्हणजे मूळ काय आणि आपली भर काय हे कोणालाही निवडून दाखवता येईल.

फॉन्टच्या बाबतीत एक खोच आहे. तयार फॉन्ट-फाईल उचलून पॅकेजमध्ये टाकली असं शक्य तोवर करायचं नाही. फॉन्ट ज्या स्रोतापासून घडला त्यापासून तो पुन्हा घडवून दाखवायचा. उद्या मूळ लेखक गायब झाला, तरी ऱ्या ची रेघ जाड करायची असेल तर ती कशी करायची याचा रस्ता भांडारात शाबूत हवा.

बांधलेलं पॅकेज ‘लिंटियन’ नावाचा प्रोग्रॅम तपासतो. वर्णन फार त्रोटक आहे, परवान्याचा मजकूर अपुरा आहे, फाईल चुकीच्या जागी आहे, अशी यादी तो पुढ्यात टाकतो. त्यानंतर स्वच्छ, रिकाम्या वातावरणात पॅकेज पुन्हा बांधून बघायचं. ‘माझ्याकडे चालतं’ या सबबीला इथे जागा नाही.

नवख्या माणसाला स्वतः अपलोड करण्याचा अधिकार नसतो. त्याला स्पॉन्सर शोधावा लागतो, म्हणजे आपलं काम तपासून स्वतःच्या सहीनं अपलोड करणारा डेबियन डेव्हलपर. ही शोधाशोध कधी दिवसांची, कधी महिन्यांची. स्पॉन्सर बारीकसारीक चुका काढतो. दुरुस्त करून परत पाठवायचं, पुन्हा चुका, पुन्हा दुरुस्ती. पॅकेज भांडाराला नवं असेल तर अपलोड झाल्यावरही ते ‘न्यू’ नावाच्या रांगेत थांबतं. तिथे नव्या पॅकेजेसची छाननी करणारे लोक परवान्यांची नोंद स्रोताशी पडताळतात. एखादी फाईल नोंदीतून सुटली तर पॅकेज परत.

रांग ओलांडली की पॅकेज ‘अनस्टेबल’ विभागात येतं. तिथे गंभीर दोष न सापडता साधारण 2 ते 10 दिवस गेले, की ते ‘टेस्टिंग’मध्ये सरकतं. टेस्टिंग साधारण दोन वर्षांनी गोठवतात, त्यातले दोष निपटतात आणि त्याची ‘स्टेबल’ आवृत्ती होते. शाळेतल्या, पतसंस्थेतल्या, दवाखान्यातल्या संगणकावर जायचं ते हेच.

फेडोराची वाट थोडी वेगळी, हेतू तोच. तिथे ‘स्पेक’ नावाची एकच फाईल लिहायची, समीक्षेसाठी अर्ज टाकायचा आणि दुसऱ्या पॅकेजरनं नियमांच्या यादीवर बोट ठेवून एकेक मुद्दा तपासायचा. पहिल्यांदा येणाऱ्याला इथेही स्पॉन्सर लागतोच. बांधणी ‘कोजी’ या सामाईक यंत्रणेवर होते आणि अद्ययावत आवृत्ती ‘बोधी’वर आधी चाचणीला ठेवतात.

पोथीची परंपरा

ही शिस्त आपल्याला परकी नाही. ज्ञानेश्वरी लिहिली गेली ती याच जिल्ह्यात, नेवाशाला, शके 1212 मध्ये. पुढची तीन शतकं ती हातानं उतरवली गेली. उतरवताना ओळी सुटल्या, शब्द बदलले, कोणी आपल्या पदरच्या ओव्या घातल्या. शके 1506 मध्ये पैठणला एकनाथांनी उपलब्ध प्रती जमवून पाठ शुद्ध केला. ज्ञानेश्वरी लिहिणाऱ्याइतकंच ती शुद्ध रूपात पुढे पोचवणाऱ्याचं ऋण मराठी माणूस मानतो.

जुन्या पोथ्यांच्या शेवटी प्रत उतरवणारे आपलं नाव, गाव, शक, तिथी लिहून ठेवत. प्रत कोणी केली, कधी केली, हे पुढच्या वाचकाला कळावं म्हणून. डेबियनच्या चेंजलॉगमधली प्रत्येक नोंद नाव, तारीख आणि वेळेनं संपते. मूळ पाठाला हात न लावता आपली भर वेगळी ठेवणं, प्रत कोणाच्या हातून झाली ते सांगणं, पाठभेद पुसून न टाकता नोंदवणं या गोष्टी संशोधित आवृत्ती काढणाऱ्या मराठी संपादकांना पाठ आहेत. आपल्या विद्यापीठांतून पाठचिकित्सा शिकलेला माणूस पॅकेजिंगची नियमावली वाचेल तर त्याला ती ओळखीची वाटेल.

विश्वासाची कसोटी

इतका खटाटोप करूनही चुका होतात, आणि त्या लपवून हे काम मोठं ठरवता येणार नाही. डेबियनमधली सर्वांत गाजलेली चूक पॅकेज सांभाळणाऱ्याच्याच हातून झाली. 2006 मध्ये ओपनएसएसएल या कूटलेखनाच्या पॅकेजमधल्या काही ओळी तपासणी-साधन तक्रार करतंय म्हणून बंद करण्यात आल्या. त्या ओळी यादृच्छिकता मिसळणाऱ्या होत्या. परिणाम असा, की संगणकानं बनवलेल्या गुप्त किल्ल्या प्रत्येक प्रकारात जेमतेम 32,767 शक्यतांत मावू लागल्या. 13 मे 2008 रोजी हे जाहीर झालं आणि जगभरच्या प्रशासकांना किल्ल्या बदलाव्या लागल्या. चूक शोधणारा लुसियानो बेय्यो डेबियनचाच डेव्हलपर होता. मूळ लेखकाच्या कामात बदल करायचा तर आधी त्याच्याशी बोला, बदल त्याच्याकडे पाठवा, हा आग्रह त्यानंतर अधिक पक्का झाला.

दुसरा प्रसंग 2024 चा. एक्सझेड हा फाईल आवळून ठेवणारा छोटा प्रोग्रॅम. तो जवळपास प्रत्येक लिनक्सवर असतो. मूळ लेखक एकटाच आणि थकलेला होता. ‘जिया टॅन’ या नावानं वावरणाऱ्या कोणीतरी दोनेक वर्षं मदत करत त्याचा विश्वास मिळवला आणि शेवटी प्रोग्रॅममध्ये चोरदार बसवलं. ते उघड दिसणाऱ्या स्रोतात पुरतं नव्हतंच. प्रसिद्ध होणाऱ्या गठ्ठ्यात एक तुकडा गुपचूप घातला होता. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याच्या लक्षात आलं, की दूरस्थ लॉगिनला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागतोय. तो त्या अर्ध्या सेकंदाच्या मागे लागला आणि 29 मार्च 2024 रोजी त्यानं सगळं जगापुढे ठेवलं. बिघडलेली आवृत्ती तोवर डेबियनच्या अनस्टेबल आणि टेस्टिंगमध्ये, फेडोराच्या विकासाधीन आवृत्त्यांत पोचली होती. डेबियनच्या स्टेबलमध्ये ती गेली नव्हती.

टप्पे का असतात, याचं यापेक्षा थेट उत्तर मला माहीत नाही. थांबवून ठेवलेल्या काळात कोणाची तरी नजर पडते. हाच प्रसंग दुसरीही गोष्ट सांगतो. जग ज्याच्यावर चालतं तो तुकडा एकट्या, बिनपगारी माणसाच्या खांद्यावर सोडून देणं धोक्याचं आहे. त्याला खऱ्या सोबत्यांची गरज असते, तेव्हा आपण तिथे नसलो तर दुसरं कोणी जाऊन बसतं.

डेबियनमध्ये सोबती पारखण्याची रीत जुनी आहे. डेव्हलपर होऊ इच्छिणाऱ्यानं आपली गुप्तलेखन-किल्ली आधीच्या डेव्हलपरांकडून स्वाक्षरी करून घ्यायची, आणि त्यासाठी शक्यतो समोरासमोर भेटून ओळखपत्र दाखवायचं. इंटरनेटवर उभ्या असलेल्या समूहाचा पाया अशा भेटींवर आहे. म्हणूनच सप्टेंबर 2023 मध्ये डेबियनची जागतिक परिषद, डेबकॉन्फ, प्रथमच भारतात, कोचीला भरली, याचं महत्त्व मोठं. इथल्या मुलांना स्वाक्षरीसाठी परदेशी जावं लागलं नाही.

भारतीय स्वयंसेवकांनी भांडारात जड कामंही नेली आहेत. गिटलॅब हा कोडचं व्यवस्थापन करणारा अवाढव्य प्रोग्रॅम. तो डेबियनमध्ये आणण्याचं काम प्रवीण अरिंब्रथोडियिल यांच्या पुढाकारानं झालं. गिटलॅब एकटा येत नाही. तो ज्या शेकडो छोट्या रुबी आणि जावास्क्रिप्ट घटकांवर उभा आहे त्या प्रत्येकाचं आधी स्वतंत्र पॅकेज व्हावं लागतं. अशी छोटी पॅकेजेस नवशिक्यांच्या हाताला सोपी असतात. त्यातून शिकलेली मुलं पुढे मोठी पॅकेजेस सांभाळू लागतात. भारतीय लिप्यांच्या फॉन्टचं काम कार्तिक मिस्त्री, वासुदेव कामत यांच्यासारख्यांनी वर्षानुवर्षं निगुतीनं केलं.

आता मराठीचं काय

मराठीच्या खात्यावर आज बरंच जमा आहे. डेबियनचा इन्स्टॉलर मराठीतून चालतो. लिबरऑफिस आणि फायरफॉक्स यांची मराठी पॅकेजेस भांडारात आहेत, छापील मराठी वाचणाऱ्या टेसरॅक्टची मराठी विदा आहे, फेडोरात शुद्धलेखन तपासणाऱ्या हनस्पेलचा मराठी शब्दसंग्रह आहे. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्सचे धडे मराठीतून ऐकता येतात. ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘मुक्ता’, आयआयटी मुंबईचा ‘शोभिका’ असे देखणे फॉन्ट ओपन फॉन्ट लायसन्सखाली आलेले आहेत.

कमी आहे ती सांभाळणाऱ्यांची. शब्दसंग्रह एकदा भरून भागत नाही. गावांची नावं बदलतात, नवे शब्द येतात, जुन्या चुका सापडतात. कोणीतरी दर काही महिन्यांनी बसून भर घालावी लागते आणि ती भांडारात न्यावी लागते. अनुवाद अर्धे राहिले की पडद्यावर मराठी-इंग्रजीची खिचडी दिसते आणि माणूस कंटाळून भाषा इंग्रजी करून टाकतो. पुण्या-मुंबईच्या कंपन्यांतल्या गटांनी एका पिढीचं काम केलं. कंपनीचे अग्रक्रम बदलतात, माणसं नोकरी बदलतात. भाषेचं काम केवळ त्यांच्यावर टाकून चालणार नाही.

आणि हे काम करायला पुणं गाठावं लागत नाही. पॅकेज बांधायला लागतो एक साधा संगणक, बरं इंटरनेट, वाचण्याची चिकाटी आणि चूक दाखवली तर न चिडता दुरुस्त करण्याचा स्वभाव. संगमनेर, लोणी, कोपरगाव, नगर इथे अभियांत्रिकी शिकणारी मुलं शेवटच्या वर्षाला प्रकल्प करतात. त्यातले बहुतेक प्रकल्प तोंडी परीक्षा झाली की कपाटात जातात. त्याऐवजी चौघांच्या गटानं एक मराठी पॅकेज हाती घ्यावं: एखाद्या फॉन्टचं, एखाद्या शब्दसूचीचं, कळफलकाच्या एखाद्या मांडणीचं. परवाना स्वच्छ करावा, स्रोतापासून बांधणी जमवावी, समीक्षेच्या फेऱ्या सोसाव्यात. भांडारात शिरलेलं पॅकेज कपाटात जात नाही; त्यावर त्यांचं नाव राहतं आणि जगातला कोणीही ते काम तपासू शकतो. नोकरीच्या मुलाखतीत सांगायलाही यापेक्षा ठोस दुसरं काय असेल?

प्राध्यापकांनी विद्यापीठाकडे अशा कामाला प्रकल्प म्हणून मान्यता मागावी. मराठी विभागांनी शब्दसंग्रह तपासून द्यावेत, कारण शुद्धलेखनाचा निवाडा संगणकवाल्यांवर सोडणं दोघांनाही जाचक आहे. सरकारी पैशांतून तयार होणारे मराठी फॉन्ट, कोश आणि साधनं स्पष्ट मुक्त परवान्यासह आणि मूळ स्रोतासह प्रसिद्ध व्हावीत, अशी अट शासनानं घालावी. वाचकांपैकी ज्यांच्याकडे स्वतः केलेला एखादा कोश, एखादी सूची पडून आहे, त्यांनी तिच्यावर परवाना लिहावा. एवढ्यानंही पुढच्या माणसाचा रस्ता मोकळा होतो.

जगातल्या मोठ्या भाषांना बाजार सांभाळतो. मराठी बोलणारे कोट्यवधी असले तरी संगणकाच्या बाजारात मराठीचा आग्रह धरणारे थोडे, त्यामुळे तिचं अक्षर बरोबर उमटवण्याची घाई कोणत्याही कंपनीला नसते. मुक्त भांडारांनी ते अक्षर सुधारण्याची सत्ता वापरणाऱ्यांच्या हाती दिली आहे. चूक दिसली तर ती दुरुस्त करण्याचा हक्क आपल्याला आहे, दुरुस्ती अधिकृत मार्गानं सगळ्यांपर्यंत पोचवण्याची वाट उघडी आहे, आणि त्या वाटेवर विचारला जाणारा प्रत्येक प्रश्न वापरणाऱ्याच्या भल्याचा आहे. त्या प्रश्नांची उत्तरं द्यायला मराठी माणसांनी रांगेत उभं राहायला हवं, आणि पॅकेज आत गेल्यावर पुढची दहा वर्षं त्याच्यापाशी टिकून राहायला हवं.